मास्क आधी, रिपोर्ट नंतर

बर्ड फ्लूची बातमी आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला : चिकन खायचं की नाही? नीट शिजवून खा. ७० अंशांच्या वर विषाणू टिकत नाही. धोका ताटात कमी आणि कोंबड्यांच्या शेडमध्ये जास्त आहे.

चिकलठाण्यातल्या चिकनच्या दुकानात दिवसभर कोंबड्या कापणारा, सोलणारा पोरगा बघा. रात्री शेडमध्ये कोंबड्या पकडून क्रेट भरणारे मजूर बघा. हात उघडे, तोंड उघडं. आजारी पक्ष्याची लाळ, विष्ठा आणि पिसांची धूळ यांतूनच बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू डोळ्यांत-नाकात शिरतो.

देशातली पहिली साथ आपल्याच राज्यातली : फेब्रुवारी २००६, नवापूर. जानेवारी २०२१ मध्ये परभणीचं मुरुंबा, पाठोपाठ पुन्हा नवापूर. नवापुरात २००६ साली एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण २०२१ च्या जुलैत दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये हरियाणाचा एक मुलगा याच विषाणूनं दगावला.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की कोंबड्या मारणाऱ्या पथकाला पीपीई किट, विषाणूविरोधी गोळ्या, दहा दिवस तपासणी. हे योग्यच आहे. पण भोपाळच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट येईपर्यंत मेलेल्या कोंबड्या कोण उचलतं? शेडवरचा मजूर, तेही उघड्या हातांनी. म्हणून मास्क, चष्मा, हातमोजे, गमबूट शेडवर बारा महिने हवेत. मरतुक वाढली की त्याच दिवशी ते चढले पाहिजेत. हा खर्च शेडमालकानं आणि पिल्लं देणाऱ्या कंपनीनं उचलावा.

नुसतं किट देऊनही भागत नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत चाळिशीपार उकाड्यात, मोठ्या पंख्यांच्या वाऱ्यात मजुरांच्या अंगावर किट नीट राहीना. कोंबड्या मारणाऱ्यांनाच लागण झाली. मराठवाड्याच्या मे महिन्यात हे काम पहाटेच उरकायला हवं.

भरपाईचा हिशेब कोंबडीमागे होतो. शेड बंद पडल्यावर मजुराचा रोज बुडतो, तोही त्या हिशेबात धरा. रोज बुडेल या भीतीनं माणूस ताप लपवतो.

कोंबड्यांत काम करणाऱ्यांनो, मेलेले पक्षी हाताळल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला किंवा डोळे लाल झाले, तर अंगावर काढू नका. चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय म्हणजे ‘मिनी घाटी’ गाठा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा : मी कोंबड्यांत काम करतो. गोळ्या पहिल्या ४८ तासांत सर्वांत चांगल्या लागू पडतात.