सर, हलू नका!

ऑडिटरसाहेब परसात पालथे पडलेत, ही बातमी दूधवाल्याने आणली. सकाळचे साडेसहा वाजले होते. पिशवी हातात द्यायच्या आधीच तो म्हणाला, "सर, पलीकडचं सायेब पडल्यात बघा. हालंनात."

मी एका पायात माझी आणि एका पायात हिची चप्पल घालून कुंपणाच्या भिंतीकडे धावलो. साहेब खरोखरच पालथे होते. अंगात बनियन, डोक्याला माकडटोपी, कोपरं चिखलात. मी घाबरून हाक मारली. मान न वळवता त्यांनी एक बोट वर केलं आणि श्वास रोखलेल्या आवाजात म्हणाले, "सर, हलू नका. तुमची सावली मुंगीवर पडतीय."

त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी हललेलो नाही.

आमच्या विश्रामबागेत, म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेत, निवृत्त माणसांचा तुटवडा नाही. कुणी प्राणायाम करतो, कुणी ज्येष्ठ नागरिक संघात खजिनदाराशी भांडतो, कुणी रोज सकाळी दहा हजार पावलं मोजतो आणि ती सगळ्यांना सांगतो. पण परसात रांगून किड्यांचे फोटो काढणारा, ही जात अलीकडची. पूर्वी निवृत्त माणूस गुडघ्यांबद्दल बोलायचा. हा गुडघ्यांवर चालतो.

साहेबांची सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांच्या कागदांत किडे शोधण्याचा सरकार त्यांना पगार देत होतं. कागद सुटले, किडे राहिले. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली आणि पहिल्या दिवशी मला भिंतीपलीकडूनच तिचं तत्त्व समजावलं. "एकास एक, सर. मुंगी जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा आत सेन्सरवर. ना कमी, ना जास्त. ताळेबंद जुळला." एवढ्या समाधानाने ते उभ्या नोकरीत एकाही संस्थेबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

ताडोब्याला जाणाऱ्या वाघवाल्या फोटोग्राफरांबद्दल त्यांना थोडी कीव आहे. पैसे भरायचे, जिप्सीत उन्हात बसायचं आणि शेवटी वाघाची पाठ बघून परत यायचं. साहेबांचं अभयारण्य चाळीस फूट लांब आणि बारा फूट रुंद. त्यात एक कढीपत्ता, एक लिंबू, जास्वंद, सोनटक्का, तुळस, धुण्याचा दगड आणि कपडे वाळत घालायची दोरी. २०१५ साली महाराष्ट्राने राणी पाकोळीला राज्य फुलपाखरू केलं, तिच्या अळ्यांना लिंबाच्या जातीची झाडं लागतात, असं कळल्यावर त्यांनी खास तिच्यासाठी पपनसही लावलं. पाकोळी अजून आलेली नाही. सरकारी पाहुण्यांचा दौरा लांबणं त्यांना नवीन नाही, त्यामुळे ते शांत आहेत.

या छंदातली मेख अशी, की इतक्या जवळून फोटो काढताना जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. माशीचा डोळा साधला तर तिचे पंख धूसर; पंख साधले तर डोळा गेला. म्हणून एकाच माशीचे पुढेमागे सरकत वीस-तीस फोटो काढायचे आणि संगणकावर एकावर एक रचून त्यांची एक माशी करायची. माशीने तेवढा वेळ बसून राहावं, ही त्यात मुख्य अट. पहाटे गारठ्याने किडे सुस्त असतात, म्हणून साहेब पहाटे उठतात. दुधाची रिकामी पिशवी आणि पोळ्यांच्या डब्याचं पांढरं झाकण जोडून फ्लॅशला आडोसा करतात, म्हणजे उजेड मऊ पडतो. त्या झाकणाचा शोध वहिनींनी चार दिवस घेतला होता. कामवालीवर नाहक संशयही घेऊन झाला होता.

पण एवढं सगळं जमवलं तरी वारा असतोच. साध्या झुळकीने पान बोटभर हलतं आणि साहेबांच्या जगात बोटभर म्हणजे मिरज. स्वयंपाकघरातल्या पंख्याचा झोत कढीपत्त्यापर्यंत येतो असा त्यांनी शोध लावला आणि सकाळी आठपर्यंत त्या घरात मिरचीची फोडणी बंद झाली. माझी नेमणूक छत्री धरण्यावर आहे. लख्ख उन्हात, आभाळात एकही ढग नसताना, मी काळी छत्री आडवी धरून शेजाऱ्याच्या परसात निश्चल उभा असतो. रस्त्याने जाणारे माझे जुने विद्यार्थी नमस्कार करतात आणि पुढे जाऊन हळूच मागे वळून बघतात.

वहिनींची बाजू मांडायलाच हवी, कारण ती कुणी मांडत नाही. जास्वंदीवर मावा पडला की बाकीच्या बायका कडुलिंबाचं पाणी फवारतात. वहिनींना ती मुभा नाही. "अगं, मुंग्या त्या माव्याची गुरं राखतायत," साहेब कळवळून सांगतात. आणि ते खरंच आहे. मुंगी मिशांनी माव्याला हलकेच थापटते, मग त्याच्या मागच्या टोकाला गोड पाण्याचा एक थेंब येतो आणि ती तो पिते. मीही भिंगातून पाहिलंय. त्या थेंबासाठी साहेब सलग नऊ सकाळी पालथे पडले. वहिनींनी तेवढ्याच काळात देवपूजेसाठी जास्वंदीची फुलं बाजारातून विकत आणली.

कढीपत्त्याचं प्रकरण तर थेट आमच्या घरापर्यंत आलं. त्यावर फुलपाखराने अंडी घातली होती. अळी लहान असताना हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते. पक्ष्याने खाऊ नये म्हणून पक्ष्याच्याच शिटेचं सोंग. "असली हुशारी मी फक्त ताळेबंदांत पाहिली होती," साहेब म्हणाले. पुढे अळी हिरवीगार होते. वहिनींनी ती चिमट्याने उचलायला घेतली, तर डोक्यामागून बेचकीसारखं तांबूस शिंग बाहेर आलं आणि असा दर्प सुटला की चिमटा एकीकडे आणि वहिनी दुसरीकडे. त्या दिवसापासून झाडाला हात लावायला मनाई झाली आणि पलीकडच्या आमटीला कढीपत्ता आमच्याकडून जाऊ लागला. बदल्यात आम्हाला अळीची रोजची खबर मिळे: आज कात टाकली, आज खाल्लं नाही, आज फांदीवर चढली.

मग तिने कोष केला. खांबावर चढलेला वायरमन कमरेला पट्टा बांधून मागे रेलतो ना, तसा तो कोष एका रेशमी धाग्यावर रेलून होता. साहेबांनी समोर तिपाई लावली, खुर्ची टाकली. अकरा दिवस. चहा तिथेच, पेपर तिथेच. कोष काळपट दिसू लागला, आतल्या पंखांची नक्षी उमटली. आता आज नाहीतर उद्या.

आणि तो नोव्हेंबर निघाला. महिना संपत आलेला, हयातीचा दाखला दिलेला नाही. आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन सिद्ध करायला साहेब साडेदहाला घराबाहेर पडले. ठसा तीनदा उमटला नाही, चौथ्यांदा उमटला. परत आले तेव्हा रिकाम्या कोषाला धरून फुलपाखरू लटकत होतं, पंख उलगडून, वाळवून, अगदी इस्त्री केल्यासारखं. खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. सगळा सोहळा त्यांनी हळदीच्या हाताने मोबाइलवर टिपला होता. तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला आणि साहेबांच्या तीन वर्षांच्या सगळ्या मुंग्यांना मिळून पडले नसतील तेवढे अंगठे त्याला दुपारपर्यंत पडले. साहेबांनी फोटो मोठा करून चष्म्यातून तपासला आणि शेरा मारला, "फोकस पानावर आहे."

मात्र या माणसाला एक इमान आहे. काही जण किड्याला थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे तो सुन्न होऊन गप बसतो. साहेबांना हे मान्य नाही. "म्हणजे खोटी व्हाउचरं जोडण्यातला प्रकार," म्हणतात. (वहिनी तरीही दर रविवारी भाजीचा कप्पा उघडून बघतात.) त्यांची सर्वांत लाडकी म्हणजे सिग्नेचर स्पायडर. जाळ्याच्या मधोमध ही कोळीण पांढऱ्या नागमोडी धाग्याने फुलीसारखी सही करते. सोनटक्का आणि दोरीचा खांब यांच्यामध्ये तिने जाळं विणलं, तेव्हा पंधरा दिवस कपडे गच्चीवर वाळले. "उभ्या जन्मात पाहिलेली ही एकच सही, जिच्याबद्दल मला शंका आली नाही," साहेब सद्गदित होऊन म्हणाले.

वहिनींनी विचारलं, "आणि हिचा नवरा?"

साहेबांनी जाळ्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथे एक तपकिरी ठिपका अंग चोरून बसला होता. जवळ गेला तर ती त्याला खाऊनही टाकते, हे साहेबांनी सांगितल्यावर वहिनींनी त्या कोळिणीकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं.

माणसांचे फोटो त्यांना काढायला सांगू नयेत. नातीच्या बारशाला हौसेने सांगितलं, तर पाळण्याच्या घुंगराचे चौदा, बाळाच्या पापणीचे नऊ आणि पेढ्यावर चढणाऱ्या मुंगीचे एकतीस निघाले. विहीणबाई एका फोटोत आहेत. नथीचा एक मोती.

माझ्या पंचाहत्तरीला त्यांनी मला एक मोठी फ्रेम भेट दिली. गवताचं पातं, त्याच्या टोकाला दवाचा थेंब. ही म्हणाली, "छान आहे हो दव." साहेबांनी खिशातून भिंग काढलं. "थेंबात बघा." थेंबात आमचं घर होतं, छप्पर खाली आणि पाया वर. थेंब हेच एक भिंग असतं आणि ते मागचं सगळं उलटं दाखवतं, असं त्यांनी समजावलं. गॅलरीत एक बारीक पांढरी रेघ होती.

"ते तुम्ही," साहेब म्हणाले. "दात घासताय. काय स्थिर आलाय, सर!"

फ्रेम भिंतीवर लावायची कशी, यावर अजून एकमत नाही. मी म्हणतो उलटी टांगू, म्हणजे निदान मी तरी सुलटा दिसेन. साहेब म्हणतात, मग गवत छतातून उगवल्यासारखं दिसेल. सध्या ती हॉलमध्ये भिंतीला आडवी टेकवून ठेवलीय, आणि आलेले पाहुणे मान वाकडी करून मला शोधतात.