ज्याची शिडी त्याचं नेट

पुण्या-मुंबईचे पाहुणे वारणानगरला आले, की चहाचा कप खाली ठेवायच्या आत एक प्रश्न विचारतात, "इकडे नेट येतं का हो?" विचारताना त्यांचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेलेला असतो आणि चेहऱ्यावर आमच्याबद्दलची दया असते. अशा पाहुण्यांना मी आधी वारणेचं श्रीखंड वाढतो आणि मग इतिहास. श्रीखंड त्यांना आवडतं.

इतिहास असा, की पुण्यातल्या फ्लॅटांमध्ये फोनच्या तारेवर मोडेम किंचाळत होता, त्या 1998 साली आमच्याकडे 'वायर्ड व्हिलेज' आलं होतं. पंतप्रधान कार्यालयाच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाने वारणा खोरं निवडलं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली नदीकाठची 70 गावं कॉम्प्युटरने जोडायची, खर्च सुमारे अडीच कोटी. निम्मे पैसे केंद्राचे, 40 टक्के राज्याचे, उरलेले 10 टक्के वारणा विभाग शिक्षण मंडळाचे. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे. एवढं सांगून होईतो पाहुण्यांची वाटी रिकामी झालेली असते.

खरं सांगायचं तर गावाला या प्रकाराचं फारसं नवल वाटलं नव्हतं. तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर साखर कारखाना उभा केला, मागोमाग दूध संघ आला, बँक आली, वारणा बाजार आला, इंजिनिअरिंग कॉलेज आलं, लहान मुलांचा वाद्यवृंदसुद्धा आला. त्यामुळे जगात काही नवं निघालं की ते आज ना उद्या सहकारी तत्त्वावर वारणेत येणार, हे आम्ही धरूनच चालतो. इंटरनेट आलं तेव्हाही लोकांनी एवढंच विचारलं, "शेअर कितीचा?"

कागदावरचा बेत जंगी होता. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, सगळं गावातल्या केंद्रात, तेही मराठीत. शेतकरी केंद्रात जायचा आणि विचारायचा की आपल्या उसाला तोड कधी, वजन किती भरलं, खत किती उचललंय आणि बिल कधी जमा होतंय. जगाचं ज्ञान दारात आलेलं असताना माणसं टनेज विचारतात, याचं एखाद्या शहरी अभ्यासकाला वाईट वाटेल. मला वाटत नाही. वर्षाचा पैसा ज्याचा फडात उभा आहे, तो आधी तोडीची तारीखच विचारणार; ब्राझीलमधला पाऊस नंतर.

पुढे 2006 मध्ये बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाची माणसं इथे आली. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा. त्यांना दिसलं की केंद्रांतले कॉम्प्युटर मुख्यतः गाव आणि कारखाना यांच्यातला हिशेब इकडून तिकडे पाठवतायत. मग एवढ्यासाठी कॉम्प्युटर, त्याची वीज आणि त्याची दुरुस्ती कशाला? त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल आणला आणि एसएमएसवर तोच कारभार चालवून दाखवला. प्रयोगाचं नाव 'वारणा अनवायर्ड'. म्हणजे आठ वर्षांच्या आत आम्ही आधी वायर जोडल्याबद्दल जगात गाजलो आणि मग ती काढल्याबद्दल. दोन्हीकडून असा मान मिळालेलं दुसरं गाव निदान मला ठाऊक नाही.

यावर पाहुणे मान डोलावतात आणि म्हणतात, "ते ठीक आहे काका, पण पासवर्ड काय?"

पासवर्ड मी लगेच देतो. पुढचं माझ्या हातात नसतं.

आमचं जुनं कनेक्शन तांब्याच्या तारेवरचं होतं. या तारेचा स्वभाव असा, की एक्स्चेंजपासून घर जितकं लांब, तितका सिग्नल अशक्त. त्यात मधल्या एखाद्या जोडात पावसाचं पाणी शिरलं की सिग्नल अंथरूणच धरतो. शिवाय तिच्यात येण्याचा रस्ता रुंद आणि जाण्याचा बोळ. चांगल्यात चांगल्या स्थितीतही चोवीस मेगाबिट खाली येणार आणि वर जेमतेम एक जाणार. याचा व्यवहारातला अर्थ असा, की जर्मनीतली आमची मुलगी व्हिडिओ कॉलवर आम्हाला स्वच्छ दिसायची आणि आम्ही तिला कधीच नीट दिसायचो नाही. "बाबा, तुम्ही अडकलायत," ती म्हणायची. अडकायचो तेही नेमके जांभई देताना, तोंड उघडं. जावईबापूंनी त्याचे फोटो काढून ठेवलेत असा मला संशय आहे. आमच्या हिने मात्र उपाय काढला होता. कॉल लागला की ती हसरा चेहरा करून स्तब्ध बसायची. अडकली तरी फोटो चांगला!

तक्रार करायला फोन लावला, तर पलीकडे अतिशय नम्र आवाज.

"सर, आप का लोकेशन?"

"वारणानगर."

"वाराणसी, सर?"

"वारणानगर. तालुका पन्हाळा."

"पटियाला, सर?"

शेवटी मी पिनकोड सांगितला. मग तो म्हणाला, राउटर बंद करून पुन्हा चालू करा. हा सल्ला ऐकून मला हसू येई, पण कधी कधी तो लागूही पडे, त्यामुळे नीट रागावतासुद्धा येत नसे. तक्रारीचा क्रमांक मात्र दर वेळी मिळाला, तोही एवढा लांब की लिहून घेताना माझी कॅलेंडरची चौकट संपायची आणि आकडा एकादशीवर जायचा.

बरं, कायद्याने मी दुःखी असण्याचं कारणही नव्हतं. 2004 च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसच्या वर जे काही मिळेल त्याला ब्रॉडबँड म्हटलं होतं. पुढे ती मर्यादा 512 झाली आणि 2023 च्या जानेवारीत थेट 2 एमबीपीएस. माझ्याकडे दोनाच्या वर येत होतं. म्हणजे मुलीला मी दिसत नसलो, तरी सरकारदरबारी माझ्या घरात ब्रॉडबँड सुखाने नांदत होतं.

नवीन कनेक्शन घ्यायचं ठरलं, तेव्हा पहिला शोध लागला की गल्लीत प्रत्येकाला यातलं कळतं. निवृत्त माणसाला सल्ला द्यायला लोकांना आवडतं, त्यातून विषय नेटचा असला तर सातवीतलं पोरही सोडत नाही. एक जण म्हणाले, हवेतून येणारं घ्या, टॉवरवरून, वायरची कटकटच नाही. ते त्यांच्या घरी उत्तम चालतं, कारण त्यांच्या गच्चीवरून टॉवर दिसतो. माझ्या गच्चीवरून जोतिबाचा डोंगर दिसतो. दुसरे म्हणाले, मोठ्या कंपनीचं घ्या, सोबत सिनेमे आणि क्रिकेट फुकट. त्यांच्याकडे शंभरचा प्लॅन होता आणि ते चिडलेले होते, कारण फाइल उतरवताना आकडा बाराच्या वर जात नव्हता. त्यांना समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली, की कंपनी बिटमध्ये विकते आणि कॉम्प्युटर बाइटमध्ये दाखवतो, आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा शंभर भागिले आठ म्हणजे साडेबारा, तुमचं माप बरोबर आहे. ते म्हणाले, "म्हणजे काट्यात मारलं." उसाच्या पट्ट्यात काट्यावर एकदा संशय गेला की तो परत येत नाही.

जाहिरातीत शंभरानंतर बारीक अक्षरात 'पर्यंत' असतं, हेही याच शोधात नजरेला आलं. पर्यंत म्हणजे शून्यापासून पुढे कुठेही. शिवाय फायबरची एक तार एकट्याची नसते. घराघरांत जी व्यवस्था बहुतेक ठिकाणी वापरतात, तिच्यात सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह बत्तीस, कधी चौसष्ट घरांत वाटला जातो आणि पुढे कंपनीने वरून किती घेतलंय तो प्रश्न वेगळाच. दुपारी तीनला सगळ्यांचा वेग छान असतो. रात्री नऊला सगळे एकदम बसले, की उपसा योजनेत टेलच्या रानाला पाणी पोचतं तेवढंच पोचतं. म्हणून कुणी दुपारी तुम्हाला मोबाइलवर वेग मोजून दाखवला, तर त्याला चहा पाजा आणि रात्री नऊला पुन्हा बोलवा.

या सगळ्यांत माझ्या दारात स्वतःहून आला तो एकटाच, गावातला केबलवाला पोरगा. मोटारसायकलवर मागे शिडी आडवी बांधलेली, गळ्यात वायरचं वेटोळं. सध्याची व्यवस्था बघू म्हणाला. आमचा राउटर शोकेसमध्ये होता. एका बाजूला स्टीलचे ग्लास, दुसऱ्या बाजूला तात्यासाहेबांचा फोटो, वरून हिने विणलेला क्रोशाचा रुमाल. पोरगा बघतच राहिला.

"काका, नेट हितंच हाय की तुमच्या दारात. ह्याला भाईर यायला वाट कुठं ठेवलीसा?"

त्याने तो बाहेर काढून जिन्याच्या कोपऱ्यात उंचावर ठेवला आणि जुन्याच कनेक्शनचा वेग स्वयंपाकघरात वाढला. स्वतःचा धंदा बुडवणारा हा सल्ला त्याने फुकट दिला, तिथेच माझं निम्मं मत ठरलं होतं. जाता जाता हेही सांगितलं, की मायक्रोवेव्ह चालू असताना वायफाय का गुदमरतं: दोघंही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच असतात. "चपाती गरम करायची का शिरेल बघायची, ते काकूंनी ठरवायचं." काकूंनी चपाती तव्यावर गरम करायचं ठरवलं.

मी त्याला माझ्या वहीतले प्रश्न विचारले. अपलोड किती? जेवढं खाली तेवढंच वर. वर्षाचे पैसे एकदम भरायचे का? नको, आधी महिन्याचा घ्या, पटलं तर वाढवा. शेवटी मी विचारलं, तार तुटली तर कुणाला फोन करायचा?

"मलाच की. दुसरं कोण हाय?"

मोठ्या कंपनीच्या माणसाने या प्रश्नाला ॲपचं नाव सांगितलं होतं.

फायबर आलं. केसाएवढी काचेची तार, तिच्यातून उजेड सेकंदाला दोन लाख किलोमीटरने धावतो आणि ती आमच्याकडे येते विजेच्या खांबावरून, एका नारळाच्या झाडावरून आणि शेजाऱ्यांच्या गच्चीच्या कठड्यावरून. पोरग्याने उजेड मोजायचा मीटर लावून दाखवला, "वजा एकोणीस. झ्याक हाय. वजा अठ्ठावीसला गेलं की मेलं म्हणायचं." उणे आकड्याचा असा आनंद मला बँकेच्या पासबुकात कधी झाला नव्हता. जर्मनीत मी आता जांभई पूर्ण देताना दिसतो. मुलगी म्हणते, आधी बरं होतं.

मग ऊसतोडीचा हंगाम आला.

दर वर्षी 13 डिसेंबरला तात्यासाहेबांच्या पुण्यतिथीला वारणेत कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. गुडघ्यांमुळे मला आता तिथे बसणं होत नाही, म्हणून घरीच मोबाइल टीव्हीला जोडून थेट प्रक्षेपण लावलं. मोठी कुस्ती लागली. सलामी झाली, खडाखडी झाली, एकाने पट काढायला हात घातला, आणि दोघेही मल्ल तसेच थांबले. मधोमध चक्र फिरू लागलं. मला वाटलं अडकलं असेल, येईल. जिन्यात जाऊन बघतो तर राउटरशेजारच्या डब्यावर लाल दिवा. बाहेर उसाची ट्रॉली मोळ्यांचा डोंगर घेऊन ऐटीत पुढे निघालेली आणि तिच्या शेंड्यावर आमची काचेची तार पताकेसारखी लोंबतेय.

केबलवाल्याला फोन लावला. उचलला, पण मागे एवढा हलगीचा कडकडाट की त्याला मी ऐकू येईना आणि मला तो. तोही मैदानातच! मी ओरडून सांगितलं, "लाल दिवा!" तो ओरडला, "डाव लागलाय!" आणि फोन बंद.

मैदान सुटल्यावर तो आला. अंगावर तांबड्या मातीची धूळ, मागे शिडी. खांबाला शिडी लावली, तारेची दोन टोकं सोलली, जोडाच्या यंत्रात धरली, ठिणगी पडली आणि काचेला काच चिकटली. कोण जिंकलं विचारल्यावर त्याने शिडीवर उभं राहूनच नावासकट सांगितलं, आणि घिस्सा कसा मारला ते हातवारे करून दाखवू लागला. खालून हिने ओरडून त्याला आवरलं. पुढे चहा पिता पिता हिरवा दिवा लागला.

त्याच संध्याकाळी मोठ्या कंपनीवाल्या शेजाऱ्यांचीही तार त्याच ट्रॉलीने नेली होती. त्यांच्या ॲपवर तक्रार नोंदल्याची हिरवी खूण आली, 'आमचा प्रतिनिधी मार्गावर आहे' असंही आलं. कुठल्या मार्गावर, ते कळलं नाही. शेवटी आमच्याच पोरग्याला त्यांची दया आली. पण दुसऱ्याच्या तारेला हात लावता येत नाही, म्हणून त्याने त्यांना आमच्या वायफायचा पासवर्ड दिला. मला न विचारता. सहकाराच्या गावात एवढं चालायचंच.

तेव्हा कुणी विचारलं, तर माझं सांगणं एवढंच. जाहिरातीतला आकडा नंतर वाचा. आधी आपल्याच गल्लीतल्या चार घरी रात्री नऊला जाऊन बसा, त्यांचं नेट बघा आणि विचारा, की तार तुटल्यावर शिडी घेऊन कोण येतं आणि कधी येतं. त्याचं नाव ज्यांना पाठ आहे, त्यांच्याकडचं कनेक्शन घ्या. वेग दहा-वीसने कमी असला तरी घ्या.

आणि ट्रॅक्टरवाल्या बंधूंनो, कारखान्याला ऊस वेळेत पोचला पाहिजे हे कबूल. पण गल्लीतून जाताना मोळ्यांचे दोन थर कमी भरा, नाहीतर वर एक माणूस तरी बसवा.