खिडकीचे बहात्तर हजार

माझ्या पित्ताशयात सात खडे निघाले. डॉक्टरांना प्रश्न पडला, ते काढायचे कसे. विमा कंपनीला प्रश्न पडला, ते आले कधी.

‘‘काका, क्वेरी आलीय,’’ टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातल्या मध्यस्थाच्या, काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली. ‘‘खडे पॉलिसीच्या आधीचे की नंतरचे, तसं डॉक्टरांचं पत्र लागेल.’’

खडे येताना जन्मदाखला घेऊन आले नव्हते. पॉलिसी मात्र अकरा वर्षांची होती आणि एकही हप्ता चुकला नव्हता. सलग पाच वर्षं हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, जुना आजार लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. तो मी तिला ऐकवला. तिनं मान डोलावली. ‘‘बरोबर आहे काका. हेच पत्रात लिहून आणा ना.’’

खडे निघाले. चौथ्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टर म्हणाले, ‘‘आता घरी जा.’’ मे 2024 मध्ये नियामकानं फर्मान काढलंय: कॅशलेसची परवानगी तासाभरात, डिस्चार्जची तीन तासांत. फक्त ते तीन तास कुणाच्या घड्याळातले, हे कुणी मला सांगू शकलं नाही. क्वेरी आली की काटे पुन्हा बारावर. मी शर्ट घालून, चपला चढवून कॉटच्या कडेवर बसलो होतो. पुढचा पेशंट बाहेर थांबलेला, म्हणून मावशी आल्या आणि मला जरा उठवून खालची चादर काढून घेऊन गेल्या. संध्याकाळी सातपर्यंत मी उघड्या रेक्झिनवर होतो. तेव्हा अप्रूव्हल आलं, आणि त्याच्या पोटात एक शब्द होता: ‘प्रमाणशीर कपात’.

हा शब्द कुठल्याही प्रचारसभेत तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. माझा विमा 5 लाखांचा. खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. त्या दरात मिळणाऱ्या खोलीला खिडकी नव्हती. खिडकीवाली 8,000 ला होती. सौ. म्हणाली, चार दिवस आहेत, घ्या. मी मनाशी हिशेब केला: रोजचे 3,000 जादा, चार दिवसांचे 12,000, ते आपण भरू. चूक इथे झाली. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली, की सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर या सगळ्यांचं बिलही त्याच प्रमाणात कापलं जातं. आठातले पाच कंपनी देणार, तीन तुम्ही. या मंडळींचे मिळून 1,60,000 झाले होते. कंपनीनं 1 लाख मान्य केले. 60,000 माझे, वर खोलीचे 12,000. औषधांना ही कात्री लागत नाही, एवढी दया.

यामागचं तत्त्व मी बराच वेळ शोधलं. खिडकीतून बाहेर बघणाऱ्या माणसाला भूल जास्त लागते, असं काहीसं असावं. खिडकीतून दिसत होतं ते पार्किंग.

शिवाय ‘न देय’ वस्तूंची यादी निराळी. तीत इअरबड्स आणि मिनरल वॉटर आहे, ते समजू शकतो. हातमोजे आहेत, मास्क आहे, ईसीजीचे इलेक्ट्रोड आहेत. म्हणजे ऑपरेशन मान्य, मात्र सर्जननं ते उघड्या हातांनी करावं. याच यादीत शवागाराचा आकारही आहे. तो माणूस तक्रार करायला काउंटरवर येत नाही.

‘‘मग तुम्ही सरकारी योजनेत का नाही गेलात?’’ असं शेजारचे सप्रे विचारतात. प्रश्न रास्त आहे. आपल्या राज्याची आरोग्य योजना आता केशरी-पिवळ्यांपुरती उरलेली नाही, माझं पांढरं रेशनकार्डही तिच्यात बसतं आणि संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांवर गेलंय. 1997 मध्ये ती ‘जीवनदायी’ होती, 2012 मध्ये ‘राजीव गांधी जीवनदायी’ झाली आणि 2017 मध्ये ‘महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य’. नामांतराच्या शस्त्रक्रियेला कधीही पूर्वपरवानगी लागलेली नाही. 2012 पासून हप्ता सरकारनं भरायचा आणि तो विमा कंपनीकडे जायचा. त्या कंपन्याही सरकारीच होत्या. डाव्या खिशातून उजव्यात पैसे टाकताना मधल्या मधे एक टीपीए उभा, खिसे मोजायला. मी रिसेप्शनवर विचारलं होतं. उत्तर आलं, ‘‘आमच्याकडे योजना नाही सर, मेडिक्लेम चालतो.’’

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला अशाच एका मोठ्या रुग्णालयात, योजना असूनही, ‘योजनेचे बेड फुल आहेत’ हे ऐकावं लागलं. योजनेच्या रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र नावाचा माणूस तिथे भेटला. मित्र चांगला होता, आरोग्य नव्हतं. शेवटी ते सरकारी दवाखान्यात गेले. ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. तिथे डॉक्टर होते आणि खाटही मिळाली. सोनोग्राफी तेवढी बाहेरून.

म्हणजे पैसा सरकारचा, हप्ता सरकारचा, आणि सोनोग्राफीचं मशीन शेजारच्या गल्लीत. सरकारी मशीनचं उद्घाटन करता येतं, पण त्याला तज्ज्ञ लागतो आणि तज्ज्ञाला दर महिन्याला पगार. कार्ड वाटणं सोपं, त्यावर फोटोही मावतो.

टक्क्यांच्या दोन गोष्टी सांगतो. खासगी कंपन्यांना 2000 मध्ये विम्याचं दार उघडलं, तेव्हा परदेशी भांडवलाची मर्यादा 26 टक्के होती. 2015 मध्ये ती 49 झाली, 2021 मध्ये 74, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात 100 ची घोषणा. दुसरा आकडा सरकारी आरोग्यखर्चाचा. राष्ट्रीय आरोग्य धोरणानं 2017 मध्ये लिहून ठेवलं, की 2025 पर्यंत तो जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, करोना चालू असताना, तो 1.84 होता. पहिला आकडा लिफ्टनं गेला. दुसऱ्याला जिना दाखवलाय, आणि जिन्याला कठडा नाही.

नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीनं 1946 मध्येच सांगितलं होतं, की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये. भोरांचा अहवाल कुणीही नाकारला नाही. ती क्वेरी अजून पेंडिंग आहे.

चांगलंही झालंय, ते सांगायलाच हवं. जुलै 2024 मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी स्वतःच्याच सरकारच्या अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, की विम्याच्या हप्त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवर कर. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसींवरचा तो कर शून्य झाला. परवा माझी नूतनीकरणाची नोटीस आली. करापुढे खरंच शून्य आहे. मूळ हप्ता मात्र वाढलाय आणि कारणाच्या रकान्यात लिहिलंय: वय 61. खड्यांचं वय विचारायला पत्र मागणाऱ्या कंपनीला माझं वय तोंडपाठ होतं.

तुमचीही नोटीस येईल. खोलीभाड्याचं कलम माझ्या पॉलिसीत पान 19 वर, सर्वांत बारीक अक्षरात होतं. हप्ता भरण्याआधी तेवढं पान शोधा, आणि चष्मा घालून वाचा.