सबब न उरलेला माणूस

नैरोबीच्या वेस्टलँड्स भागातल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत शिरा, लिफ्टमध्ये हे गृहस्थ भेटतीलच. निळा सूट, टायला फाटा, हातात दोन मोबाइल आणि पुढच्या मीटिंगला आधीच झालेला वीस मिनिटांचा उशीर. कार्डावर छापलेलं असतं : प्रादेशिक संचालक, पूर्व आफ्रिका. पुण्याहून सॉफ्टवेअर विकायला जाणाऱ्या आम्हा मंडळींना त्यांच्याच दारात उभं राहावं लागतं. कंपनी बदलते, नाव बदलतं, साहेब तेच.

उशिराला ट्रॅफिक ही नैरोबीतली सर्वमान्य सबब होती. २०२२ मध्ये विमानतळावरून थेट वेस्टलँड्सला आणून सोडणारा टोलचा एक्स्प्रेसवे सुरू झाला आणि ती सबब गेली. उशीर राहिला. साहेबांचं सगळं आयुष्यच असं गेलंय. तंत्रज्ञान एक पाऊल पुढे आलं की साहेबांची एक सबब घेऊन जातं. आणि बहुतेक वेळा त्या तंत्रज्ञानाला हाताला धरून घरात आणलेलं असतं साहेबांनीच.

सुरुवात टॉवरपासून झाली. साहेब इंजिनिअर होऊन बाहेर पडले तेव्हा केनियात मोबाइल ही बड्या लोकांची चैन होती. २००० नंतर कंपन्यांनी टॉवर उभारायचा सपाटा लावला. साहेब चिखलाचे बूट घालून टेकड्या पालथ्या घालत होते. त्यातला एक टॉवर त्यांनी खटपट करून स्वतःच्या गावामागच्या टेकडीवर बसवून घेतला. गावाने बकरं कापलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला आईचा फोन आला. तेव्हापासून तो रोज पावणेसहाला येतो. 'रेंज नव्हती' हे वाक्य साहेबांच्या तोंडून कायमचं गेलं.

मग केबल आली. तोवर पूर्व आफ्रिकेचं इंटरनेट उपग्रहाच्या भरवशावर चालायचं, त्यामुळे लंडनच्या हेड ऑफिसची नकोशी मेल दोन-दोन दिवस 'उघडत' नसे. २००९ साली मोंबासाच्या किनाऱ्याला समुद्राखालच्या केबल येऊन लागल्या. साहेबांनी हार घालून घेतले, फोटो काढून घेतले. आता लंडनवाले व्हिडिओ कॉलवर डोळ्यांत डोळे घालून विचारतात, ''लागोसचा ग्राहक नाराज दिसतोय. संध्याकाळी एक चक्कर मारून येता का?'' नैरोबीहून लागोस विमानाने पाच तास, मुंबई सहा. आफ्रिका हा एक देश नसून चौपन्न देश आहेत, हे वरिष्ठांना न दुखावता दर तिमाहीला नव्याने सांगणं, हा साहेबांच्या नोकरीचा अलिखित भाग आहे. ''जरूर जातो सर, फक्त मधे खंड आडवा येतो,'' असं म्हणून ते गोड हसतात. या हसण्यावर त्यांना आजवरच्या साऱ्या बढत्या मिळाल्या. प्रत्येक बढतीत देश वाढतात, हाताखालची माणसं तेवढीच राहतात.

पण खरा घात केला तो एम-पेसाने. मार्च २००७ मध्ये सफारिकॉमने ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय आणली. त्याआधी शहरातल्या नोकरदाराने गावी पैसे धाडायचे म्हणजे पोस्टाची मनीऑर्डर, नाहीतर बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट. बस चिखलात रुतायची, ड्रायव्हर सासुरवाडीला थांबायचा, पाकीट हलकं होऊन पोचायचं. या गोंधळाचा नोकरदाराला केवढा आधार होता! ''पाठवलेत, येतील,'' म्हटलं की दोन आठवडे निघून जायचे. एम-पेसाला बँकेचं खातं लागत नाही. साधा बटणांचा फोन आणि पिन पुरतो. गावातला साबण, पीठ विकणारा दुकानदारच एजंट म्हणून रोकड हातावर ठेवतो. सुरुवातीच्या जाहिरातीतच आवाहन होतं, घरी पैसे पाठवा. साहेब देशोदेशीच्या परिषदांत सांगतात की या सोयीने गरिबाच्या हाती बँक दिली. खोटं नाही. फक्त त्यांच्या गावाच्या हाती जी बँक आली, ती म्हणजे खुद्द साहेब.

एकदा त्यांनी आम्हाला न्यामा चोमा खायला नेलं. बकऱ्याचं मांस आधी आपण पसंत करायचं, किलोवर तोलून घ्यायचं आणि निखाऱ्यावर भाजून होईपर्यंत तासभर गप्पा मारायच्या. वेटरने लाकडी पाट आणून टेबलावर ठेवला, खटाखट सुरी चालवून तुकडे केले, पाटाच्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ ओतलं. बाजूला मक्याच्या पिठाची उगाली आणि कचुंबर. साहेबांचा हात पहिल्या तुकड्याकडे जातो न जातो तोच दुसरा फोन थरथरू लागला. पहिला फोन कंपनीचा, दुसरा गावाचा. कुणा आतेभावाच्या लग्नाची समिती स्थापन झाली होती. समितीला अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि अर्थातच व्हॉट्सॲप ग्रुप. खजिनदार तासातासाला देणगीदारांची यादी टाकत होता, नाव आणि पुढे रक्कम. साहेबांच्या नावापुढे मोकळी जागा होती आणि त्या जागेकडे दीडशे माणसं टक लावून बसली होती. सगळ्यांनी मिळून भार उचलायचा, या अर्थाचा 'हराम्बे' हा शब्द केनियाच्या राजमुद्रेवरच आहे. तिथे ग्रुप सोडून कुठे जाणार? बाकीची बोटं तेलकट झाली होती, म्हणून साहेबांनी करंगळीने पिन दाबला. लगेच उत्तर आलं, ''देव तुम्हाला आणखी देवो, डायरेक्टर!''

''म्हणजे तेही यांनाच,'' साहेब पुटपुटले आणि बरगडी उचलली.

''खात्यात पैसे नाहीत म्हणून सांगायचं ना सरळ,'' आमच्यातला कोथरूडकर म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडे कणवेने पाहिलं. २०१९ मध्ये 'फुलिझा' आलं. खात्यात पैसे कमी असले तरी व्यवहार अडत नाही, उरलेली रक्कम कर्जाऊ मिळते. ''त्याचा उपयोग मला आमच्या मामांनी समजावला,'' साहेब म्हणाले. ''आमच्या मार्केटिंगवाल्यांपेक्षा छान समजावला.''

चिडत मात्र नाहीत. त्यांची स्वतःची फीसुद्धा अशाच वर्गणीतून भरली गेली होती. कोणी गाय विकली, कोणी वीस शिलिंग दिले, ती यादी गावातल्या म्हाताऱ्यांना आजही तोंडपाठ आहे आणि अधूनमधून ते ती म्हणून दाखवतात.

अलीकडे साहेबांना अख्खी आफ्रिका मिळाली आणि दुबईचं ऑफिस. केनियाचं सिम कपाटात ठेवून जायचा त्यांचा बेत होता. पण परदेशातून थेट एम-पेसावर पैसे येण्याची सोय आता झालेली आहे. दुबईहून ती सोय आणखी सुलभ कशी करता येईल, यावर साहेबांनीच गेल्या वर्षी परिषदेत भाषण ठोकलं होतं आणि भाचीने ते ग्रुपवर टाकलं होतं.

गावाने त्यांच्या निरोप समारंभासाठी समिती नेमली. देणगीदारांच्या यादीत पहिलं नाव साहेबांचं होतं. रक्कमही खजिनदाराने आधीच लिहून ठेवली होती. जायच्या गडबडीत साहेबांना उगाच विचार करायचा त्रास नको.