जुन्या गाडीचे नवे धनी

माणसाकडे पैसा आला की तो फ्लॅट घेतो, मग दुसरा फ्लॅट घेतो, मग कोकणात जागा बघतो. एवढं करूनही पैसा उरला आणि पन्नाशी दारात आली, की त्याला एकदम आठवतं: आपल्याला लहानपणापासून मोटारींचा नाद होता! लहानपणी घरी लूना होती, ही गोष्ट वेगळी.

असे एक नवे शौकीन आमच्या सोसायटीत आहेत. त्यांना आपण रावसाहेब म्हणू. २०२२ मध्ये मर्सिडीजची १९५५ सालची एक स्पोर्ट्स कार १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली, ही बातमी त्यांनी वाचली आणि म्युच्युअल फंडावरून त्यांचं मन उडालं. तशा गाड्या जगात दोनच बनल्या होत्या, हा तपशील बातमीत होता. पण तो खालच्या परिच्छेदात होता. रावसाहेबांनी घेतली एमजीए. १९५५ ते १९६२ या काळात इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या एक लाखाहून जास्त बाहेर पडल्या. ‘अत्यंत दुर्मीळ मॉडेल,’ असं रावसाहेब सांगतात. सोसायटीत एकच आहे, तेव्हा आम्हीही वाद घालत नाही.

गाडी दिसायला देखणी, यात शंका नाही. लांब नाक, गोलाई, तारांची चाकं; पाहणाऱ्याची मान वळतेच. बसायला गेलं की अडचणी सुरू होतात. दाराला बाहेरून हँडलच नाही; आत हात घालून दोरी ओढायची. काचा वर करायचा प्रश्न येत नाही, कारण काचा नाहीत. पाऊस आला की कापडी टप चढवायचा आणि दारांवर पडदे खोचायचे. हे होईपर्यंत पुण्यातला पाऊस थांबलेला असतो आणि कोकणातला आत येऊन बसलेला असतो. पायाखाली पत्रा नाही, प्लायवूड आहे. स्पोर्ट्स कारला पेस्ट कंट्रोल करून घेणारा माणूस मी यापूर्वी पाहिला नव्हता. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि त्यांचं अर्थिंग उलटं: बॉडीला ऋण टोक नाही, धन टोक. बॅटरी उतरली म्हणून मदतीला धावलेला पोरगा जंपरची वायर सवयीने जोडतो आणि मग मदत आणखी लांबते. एवढ्या सगळ्या थाटामागे अश्वशक्ती सत्तरच्या आसपास. कात्रजच्या चढाला रावसाहेबांची मुलगी आपल्या हॅचबॅकमधून हात हलवून पुढे निघून जाते.

पण गाडी ‘पूर्ण रिस्टोअर केलेली’ होती. विकणाऱ्याने अल्बमच दाखवला. सांगाड्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत फोटो. रावसाहेबांनी मुलीच्या लग्नाचा अल्बमही इतक्या मायेने पाहिला नव्हता. रंग असा चकचकीत की त्यात स्वतःचा चेहरा दिसावा. तो दिसला आणि सौदा ठरला.

गाडी घरी आल्यावर आम्ही सगळे पेढे खायला गेलो. गाडी तपासायला आलेल्या मिस्त्रीने वहिनींच्या फ्रिजवरचा चुंबक मागून घेतला. त्यावर दगडूशेठ गणपतीचं चित्र होतं. मडगार्डवर बाप्पा घट्ट बसले. दाराखालच्या पट्टीवर ठेवले, तर घसरून खाली पडले. वहिनींना अपशकुन वाटला. मिस्त्री म्हणाला, पत्रा गेलाय, आत नुसती पुट्टी आहे. दोघांचं निदान एकच होतं.

या नादातला खरा अध्यात्मविचार मात्र पुढे आहे: गाडी ‘मूळ’ किती? आपली ॲम्बॅसडर आणि सुरुवातीची एमजीए एकाच कुळातल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १४८९ सीसीचं इंजिन दोघींच्याही पोटात. त्यामुळे एमजीएचं इंजिन कामातून गेलं, तर बदलीला नातेवाईक शोधायला लांब जावं लागत नाही. गाडी सुरू होते, धावते, आवाजही इंग्रजीतच काढते. किंमत तेवढी धाडकन उतरते. म्हणून जाणकार माणूस गाडीत बसून बघत नाही. तो बॉनेट उघडतो, बॅटरीच्या उजेडात नंबर वाचतो आणि म्हणतो, ‘फाइल आणा.’ रावसाहेबांना हे फार उशिरा कळलं की या व्यवहारात विकत घेतली जाते ती फाइल. गाडी तिच्याबरोबर येते.

इंग्लंडात तर हे कोर्टापर्यंत गेलं होतं. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची शर्यत जिंकलेल्या एका बेंटलीचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. मग घेणाऱ्या कंपनीला शंका आली: हिचे सुटे भाग इतक्या वेळा बदललेत की ही तीच गाडी कशावरून? १९९० मध्ये न्यायालयाने सांगितलं, तीच. भाग बदलत गेले, पण गाडीचा इतिहास मध्ये कुठे तुटलेला नाही. पुणेकराला यासाठी न्यायाधीश लागत नाही. पेठेतला वाडा पाडून त्या जागी सहा मजले उभे राहिले, खाली पार्किंग आणि वर मोबाइलचा टॉवर आला, तरी पाटीवर ‘वाडा’च असतो आणि पत्ता विचारला तर लोक तिथेच बोट दाखवतात.

आपल्या सरकारनेही या प्रश्नात लक्ष घातलं आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि ती रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. यातल्या शेवटच्या दोन कारणांसाठी रावसाहेबांची गाडी सदैव रस्त्यावर असते. कायद्याचं इतकं काटेकोर पालन करणारा नागरिक आमच्या वॉर्डात दुसरा नाही. वहिनींनी एकच विचारलं होतं: ‘हिच्यातून मंडईत जाता येईल का?’ नाही. मंडई रोजच्या वापरात मोडते.

इंधन भरणं तरी सोपं असावं! पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या काळच्या रबरी नळ्यांना आणि सीलांना हे मिश्रण मानवत नाही. शिवाय गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. नळ्या बदलल्या तर गाडी तेवढी मूळ राहत नाही, आणि नाही बदलल्या तर गाडीच राहत नाही. रावसाहेबांनी नळ्या बदलल्या आणि जुन्या नळ्या डब्यात घालून फाइलशेजारी ठेवल्या.

वर्षातून एकदा रॅली येते. त्या दिवशी रावसाहेब चौकड्यांची टोपी घालतात. गाडी टेम्पोवर चढवून रॅलीच्या जागेपर्यंत नेली जाते, म्हणजे रॅलीत तिला चालायला दम राहतो. गर्दी जमते, सेल्फी निघतात. रावसाहेब ॲबिंग्डनपासून इतिहास सुरू करतात, लोक मन लावून ऐकतात आणि शेवटी जो तो एकच प्रश्न विचारतो: ‘ॲव्हरेज किती देते?’

थट्टा बाजूला ठेवून एक सांगतो. पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्याने रिस्टोअर केलेली घेतली, यात चूक काही नाही. उलट शहाणपण आहे. मोडकी आणून उभी करायला जो खर्च येतो, तो विकताना क्वचितच वसूल होतो. म्हणजे आधीच्या धन्याच्या हौसेचा बराचसा भुर्दंड त्यानेच भरलेला असतो. फक्त पुट्टीवरचा रंग बघून पैसे मोजू नका. आरसी बुकातला चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, दाराखाली आणि प्लायवूडखाली वाकून बघा, कामाची बिलं मागा, आणि सोबत असा माणूस न्या, ज्याला ती गाडी मुळीच आवडलेली नाही. असा माणूस बहुधा घरातच असतो.