म्हाळाचं आमंत्रण

भाद्रपदातला पितृपक्ष लागला की कराडातल्या घरांत पूर्वजांचा शोध सुरू होतो आणि तो बहुधा भांड्यांच्या मांडणीपाशी संपतो. आजोबांची तारीख कुणालाच आठवत नसते. पण स्टीलच्या डब्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ या अक्षरांखाली ती ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली असते. डब्यात पोहे. वारसा असा रोज घासूनपुसून वापरात!

मग तारखेवरून तिथी काढायची आणि म्हाळ घालायचा. वडे, कढी, आमसुलाची चटणी. मधुमेहापायी जी खीर आजोबांना जन्मभर दाखवलीसुद्धा नाही, ती आता पत्र्यावर वाटीभर. कावळा शिवायला उशीर झाला की जमिनीच्या वाटणीवरून भांडलेले भाऊ एकमेकांकडे बघतात. आजोबांचं नेमकं काय राहिलंय, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

सार्वजनिक म्हाळ मात्र तारखेला चुकत नाही. यशवंतराव चव्हाण १९८४ साली २५ नोव्हेंबरला गेले. कोयना जिथे कृष्णेला समोरून येऊन भिडते, त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. दरवर्षी त्या दिवशी एकमेकांशी न बोलणारे पुढारीही तिथे ओळीनं फुलं वाहतात, वारसा सांगतात, फोटो काढतात आणि निघतात. घरच्या म्हाळात निदान जेवण तरी मिळतं.