प्रवेश बंद, तिकीट चालू

टास्मानिया बेटावर होबार्ट नावाचं शहर आहे. तिथे ‘मोना’ नावाचं संग्रहालय आहे. जुगारात गणित लावून गडगंज झालेल्या डेव्हिड वॉल्श यांनी ते उभारलं. त्यांच्या पत्नी किर्शा केशेल या कलावंत. २०२० मध्ये या बाईंनी तिथे एक हिरवा पडदा लावला. बायकांनी आत जायचं. पुरुषांनी बाहेर थांबायचं.

झाली कलाकृती. नाव ‘लेडीज लाउंज’.

आत काय? मऊ कोच, शॅम्पेन, दिमतीला पुरुष वेटर आणि भिंतीवर पिकासो. म्हणजे बायकांचं राज्य आलं तरी भिंत पिकासोलाच! ज्या गृहस्थाने आयुष्यभर बायकांचे नाकडोळे मनाला येईल तिथे बसवले, त्याला.

कल्पना मात्र आकाशातून पडलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या पबमध्ये मुख्य बारपाशी बायकांना मज्जाव असे. त्यांच्यासाठी बाजूची खोली, तीच लेडीज लाउंज. १९६५ मध्ये ब्रिस्बेनच्या रेगाटा हॉटेलात दोघीजणींनी स्वतःला साखळीने बारला बांधून घेतलं, तेव्हा कुठे बोंबाबोंब झाली. ‘बाई, नाकारलं जाण्याचा अनुभव घ्या, ही कला आहे,’ असं त्यांना कुणी समजावलं नाही. पोलीस बोलावले.

आता तारीख बघा. १ एप्रिल २०२३. न्यू साउथ वेल्सचे एक गृहस्थ ३५ डॉलरचं तिकीट काढून मोनात आले, पडद्यापाशी अडवले गेले, त्यांनी तक्रार केली आणि प्रकरण लवादाकडे गेलं. पूर्ण पैसे घेता, मग अर्धवट का दाखवता?

मुद्दा अगदीच चूक नाही हो. तिकीट ते तिकीट.

बाईंचा बचाव त्याहून फर्मास. यांना कलाकृती पूर्ण मिळाली की! दाराबाहेर उभं राहून पुरुषाला जे झोंबतं, तीच कलाकृती. म्हणजे साहेबांचे पैसे शंभर टक्के वसूल, आणि वर हेच तक्रार करणार.

सुनावणीला बाई मैत्रिणींचा ताफा घेऊन गेल्या. सगळ्या निळ्या सुटात. एकदम पायावर पाय टाकायचा, एकदम उतरवायचा. लवादाला ही कवायत काही भावली नाही. एप्रिल २०२४ मध्ये हुकूम सुटला: २८ दिवसांत पुरुषांना आत घ्या.

बाईंनी लाउंजच बंद केलं आणि पिकासो उचलून लेडीज टॉयलेटात टांगले.

जा म्हणावं आता लवादाकडे!

वर हेही सुचवलं की रविवारी येऊ देऊ पुरुषांना, इस्त्री करायला आणि कपड्यांच्या घड्या घालायला शिकवू. या सवलतीसाठी पुरुषांची झुंबड उडाल्याचं ऐकिवात नाही.

खरा बार उडाला जुलैत. पिकासो खोटे निघाले! पणजीकडून वारशाने आलेले म्हणून मिरवलेली ती चित्रं बाईंनी स्वतःच रंगवली होती, लाउंजच्या हिरव्याला साजेशी. एक तर काही काळ उलटं टांगलेलं होतं. साडेतीन वर्षांत कुणी चकार शब्द काढला नाही. पिकासो उलटा की सुलटा, हे विचारायची हिंमत तशी कुणाला असते?

पण जरा थांबा. याचा अर्थ काय झाला? एक पुरुष, बाईने काढलेली चित्रं बघायला मिळावीत म्हणून लवादापर्यंत लढला!

हे न्यूयॉर्कच्या ‘गरिला गर्ल्स’ना सांगा. गोरिलाचे मुखवटे घालून फिरणाऱ्या या कलावंत बायकांनी १९८९ मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजदाद केली. आधुनिक कलेच्या दालनांत बायका चित्रकार पाच टक्क्यांहून कमी, नग्नचित्रांत बायका ८५ टक्के. २०१२ मध्ये पुन्हा मोजलं. चित्रकार चार टक्क्यांहून कमी, नग्नचित्रांत ७६. या आकड्यांवर कुणा गृहस्थाने लवादाचं दार ठोठावलं का? तिकीट तर तिथेही काढावं लागतं.

बाई भिंतीवर उघडी टांगली की अभिजात कला. तीच पडद्याआड कपड्यांनिशी बसली, दिसेनाशी झाली, की कायदा आठवतो.

मुंबईकराला यात नवल वाटणार नाही. लोकलच्या लेडीज डब्यात असं काय आहे, हा प्रश्न बाजूच्या डब्यात लोंबकळणाऱ्यांना कायम पडलेला असतो. आत शॅम्पेन नाही, चौथी सीट मिळाली तरी दिवाळी, हे सांगून पटत नाही.

असो. सप्टेंबर २०२४ मध्ये टास्मानियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निकाल रद्द केला. मागे पडलेल्यांना समान संधी मिळावी म्हणून दिलेली सवलत कायद्याला चालते, आणि हे लाउंज त्या सवलतीत बसू शकतं. डिसेंबरात पडदा पुन्हा उघडला.

मागे पडलेल्या म्हणजे कोण? संग्रहालय नवऱ्याचं, पैसा नवऱ्याचा, त्यातली एक खोली बायकोची. आपल्याकडे याला माजघर म्हणत, क्रांती म्हणत नसत. तरी पण बाईंना मानलं पाहिजे. माजघरावरून खटला उभा राहिला आणि तो जिंकलाही.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट नजरेतून सुटली. पडद्याआड पुरुष होतेच की! ट्रे घेऊन, अदबीने वाकून. आपल्या गृहस्थांनी तक्रारीऐवजी वेटरच्या जागेसाठी अर्ज केला असता तर पिकासो दिसला असता, वर पगार मिळाला असता. चित्रकारांच्या स्टुडिओत बायका शतकानुशतकं अशाच तर शिरल्या. तासाच्या बोलीवर, आणि ब्रशला हात न लावता.